घोड्याचा कान

बर्क्यात वाळू कुंपण मानत नाही.
पंख्याच्या पात्यावर, खुबूसच्या पापुद्र्यात,
आणि जमिनीवर टाकलेल्या त्या गवतात
जे मुझना शेवटच्या काडीपर्यंत
ओठांनी झाडून खाते.

मुझना म्हणजे पाण्याने भरलेला ढग,
असं अरबाब सांगतो.
असला ढग मी इथे फक्त नावात पाहिला.

महिन्यातून एकदा तिची ताजी लीद
लांब हातमोज्यात भरायची, वर पाणी ओतायचं,
बोटं खाली करून खिळ्याला टांगायचं.
अर्ध्या तासात वाळू टोकांना उतरते.
नखभर असली तर चालतं.
या खेपेला पाचही बोटं भरली,
कुणी दिवसभराचं काम संपवून
हात खाली सोडून उभं असावं तशी.

खाण्याच्या खोलीत डबेच डबे.
जिवंत यीस्ट, ज्येष्ठमधाची पूड, जवस, कसलीशी पांढरी माती.
इंग्रजी मी वाचतो, अरबी दुर मुहम्मद वाचतो,
दोघांनाही जे कळत नाही ते आम्ही घालत नाही.
सगळ्यात मोठ्या डब्यात इसबगोलचा भुसा,
गुजरातेत पिकला, हॉलंडला जाऊन झाकण लावून आला
आणि चौपट महाग झाला.
माझ्या अकरा वर्षांत मी एवढा महाग झालो नाही.

बुधवारी रात्री ती खूर आपटू लागली.
मान वळवून सारखी आपल्याच कुशीकडे बघे,
तिथून कुणी हाक मारल्यासारखी.
बसू पाहायची, आम्ही उठवायचो.
मी कुशीला कान लावला.
बापाने सारंगखेड्याच्या बाजारात
आयुष्यभर घोड्यांचे दात पाहिले,
पोटाला कान लावलेला मी त्याला कधी पाहिला नाही.
धड पोट आतून बोलतं,
लाकडी पुलावरून भरली गाडी जावी तसं.
इथे काही नव्हतं.
फोनवर माय गप्प होते तेव्हा
मला ठाऊक असतं, आता विचारेल, जेवलास का.
ही शांतता काहीच विचारत नव्हती.

अडीचला सीबहून डॉक्टर नाजी आले.
नाकपुडीतून नळी, नळीतून तेल, पाणी.
म्हणाले, घोड्याला ओकता येत नाही,
आत गेलं ते पुढेच जायला हवं.
मी मान हलवली.
दुर मुहम्मदला सांगायची गरज पडली नाही,
त्यानेही अकरा वर्षं काढलीत.

मग हॅलोजनखाली तिला फिरवणं,
गोल, परत गोल.
चालता चालता तो म्हणाला,
माझी आजी फारसी बोलायची.
अस्प म्हणजे घोडा, गोल म्हणजे कान.
तुमचं इसबगोल आहे ना,
तो घोड्याचा कान.
मी म्हटलं, झोप आलीय तुला.
तरी खोलीवर जाऊन खोकं काढलं,
माय दर वर्षी कुणाच्या तरी हाती पाठवते ते,
ओवा, बाळहिरडा, आणि कागदाच्या पुडीत
सबंध इसबगोल, "मेसचं खाणं तुला सोसत नाही" म्हणून.
तळहातावर एक दाणा धरला दिव्याखाली.
गुलाबी, नावेसारखा, एका बाजूने खोलगट.
मुझनाचा कान समोरच होता.
पाठीमागे वळलेला, आमचं ऐकत.

पहाटे साडेपाचला तिने लीद टाकली.
तिघेही बघत राहिलो, लहान मूल
पहिलं पाऊल टाकतं तसं.
अरबाब बनियनवरच धावत आला, हमदुलिल्लाह म्हणाला,
वाकून वास घेतला,
डॉक्टरांना मिठी मारली, मग मलाही.
मला मिठी मारलेली ही पहिलीच वेळ,
आणि माझ्या हातात फावडं.

दुपारपासून तिला रोज एक माप, सात दिवस.
मलाही एक चमचा, त्याच डब्यातला,
अरबाबला ठाऊक आहे.
झटकन प्यावं लागतं, नाहीतर पेल्यात थिजतं.
मायला कळवलं, पोट ठीक आहे.
कुणाचं ते लिहिलं नाही.

हातमोजा अजून खिळ्यालाच होता.
एकेक बोट दाबून मोकळं केलं,
वाळू कुंपणाबाहेर ओतली.
वाऱ्याने ती माझ्यादेखत
आत आणली.